हॉर्न दिला होता ना, साहेब

ती घटना आठवली नाही असा आठवडा निवृत्तीनंतर गेला नसेल. आठवते तेव्हा अपघाताची जागा नंतर दिसते. आधी कानात येतो तो माझाच आवाज, माईकवरून बोलणारा. तो का, ते पुढे येईलच.

तेव्हा मी लातूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. घर नांदेडला, नोकरीची शेवटची वर्षं लातुरात. आमच्या हद्दीत क्लासेस, हॉस्टेलं आणि खानावळी यांचा मोठा पट्टा येत होता. डॉक्टर व्हायला निघालेली मुलंमुली मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून तिथे येऊन राहायची. सकाळी सहाला रस्ते सायकलींनी भरायचे, दुपारी ओस पडायचे, संध्याकाळी पुन्हा भरायचे. गुन्हेही ठरलेले: मोबाईल चोरी, गाडी चोरी, खानावळीतली हाणामारी आणि मुलींच्या मागे लागणारी पोरं. या शेवटच्या प्रकारामुळे क्लासवाले मला वर्षातून दोन-तीनदा भाषणाला बोलवायचे. शाल, नारळ आणि समोर खचाखच भरलेला हॉल. मी बरा बोलायचो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचंही. ठाण्यात माझ्यासमोर दोनच प्रकारची माणसं यायची, रडणारी आणि खोटं बोलणारी. तिथे निदान टाळ्या मिळायच्या.

सोयाबीनचा हंगाम होता. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कॉल आला: टेम्पो आणि सायकल, मुलगी जखमी. मी पोचलो तेव्हा मुलीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. ती तिथे पोचण्याआधीच गेली होती. सतरा वर्षांची, कंधारकडच्या एका गावातली, बारावीला.

रस्त्याची एक बाजू पाइपलाइनसाठी खोदलेली होती. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर सायकल आडवी पडलेली, मागचं चाक दुमडलेलं. सोयाबीनची पोती भरलेला टेम्पो पुढे तिरका थांबलेला. ड्रायव्हर पळाला नव्हता. खोदलेल्या मातीच्या ढिगावर डोक्याला हात लावून बसला होता.

"हॉर्न दिला होता ना, साहेब," तो म्हणाला. "लई येळ दिला. पोरगी वळूनच बघिना."

आजूबाजूच्या चार दुकानदारांनीही तेच सांगितलं. हॉर्न मोठा होता, सगळा रस्ता वळून बघत होता, एकटी तीच वळली नाही. सायकलच्या पुढे हातभर अंतरावर काळे हेडफोन पडले होते, पूर्ण कान झाकणारे, वायरचे. एकाने सांगितलं, "कानावरच होतं तिच्या. पडल्यावर निघालं."

माझ्यापुरतं प्रकरण तिथेच उलगडलं. मी हवालदाराला म्हणालो, "लिहा. मयताने दोन्ही कानांवर हेडफोन लावलेले असल्याने मागून आलेल्या वाहनाचा हॉर्न तिला ऐकू आला नाही."

पंचनाम्यात दिसेल ते लिहायचं असतं, वाटेल ते नाही. हे मी नव्या उपनिरीक्षकांना इतक्या वेळा शिकवलं होतं की त्यांना पाठ झालं असेल. त्या दिवशी ते मलाच आठवलं नाही.

"साहेब, मोबाईल मिळेना," हवालदार म्हणाला.

"गर्दीत कुणी तरी लांबवला असेल."

आमच्या हद्दीत अपघाताच्या गर्दीत मोबाईल जाणं नवीन नव्हतं. हवालदाराने मान हलवली आणि तेही लिहून घेतलं. मी सही केली.

संध्याकाळी वार्ताहर आला. त्याला मी दोन वाक्यं दिली, एक हेडफोनचं, एक चोरीला गेलेल्या मोबाईलचं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: हेडफोनने घेतला विद्यार्थिनीचा बळी. त्याच आठवड्यात एका क्लासमध्ये माझं भाषण होतं. तिथे मी हीच घटना सांगितली. "सायकल नुसती डोळ्यांनी चालवत नसतात, कानांनी चालवतात. मागचं डोळ्यांना दिसत नाही," असं म्हणालो. टाळ्या पडल्या. वाक्य खोटं नव्हतं. कान बंद करून रस्त्यावर सायकल घालू नये, हे मी आजही कुणालाही सांगेन. पण ते त्या मुलीच्या नावावर सांगायचा मला अधिकार नव्हता.

पंधरा दिवसांनी तिचे वडील ठाण्यात आले. मध्यम उंचीचे, पांढरा सदरा, भुवयांच्या केसांत पीठ अडकलेलं. गावात त्यांची पिठाची गिरणी. दिवसभर पट्ट्याच्या आवाजात काम करणारी माणसं बोलतात तसे ते मोठ्याने बोलायचे. ठाणे अंमलदाराला वाटलं, भांडायला आलेत.

"साहेब, मोबाईल घावला का?"

"शोध चालू आहे, भाऊ. बसा."

"मला मोबाईल नगं, साहेब. फकस्त येक बघून सांगा. त्या टायमाला ती काय ऐकून राहिली होती?"

मी विचारलं, ते कळून काय करणार. त्यांनी जे सांगितलं ते असं. घर आणि गिरणी एकाच भिंतीला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरघर. मुलगी दहावीला असताना तिला त्या आवाजात वाचता येईना. म्हणून ते नांदेडला गेले आणि दुकानदाराला म्हणाले, कान पूर्ण बंद होतील असं काही तरी द्या. मुलगी ते कानाला लावून पोत्यांच्या थप्पीला टेकून अभ्यास करायची. शाळेत पहिली आली. लातूरला निघताना बाकी काही नाही, पण ते आधी पिशवीत घातलं.

"पेपरात आलेलं येका मास्तरनं गिरणीवर वाचून दाखवलं. दळण घिऊन आले होते. तिची माय तितंच होती. त्या दिसापासून ती माझ्याशी बोलून न्हाई राहिली, साहेब. भाकर म्होरं ठिवती आन् उठून जाती. येकदाच बोलली. म्हनली, ते डबडं तुमी आणलं."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आभ्यासाचं ऐकत आसंल तर म्हणंन, आभ्यासापायी गेली. गाणं आसलं तर... तरी बी मीच की. पर मला कळू द्या. म्या घिऊन दिलेल्या वस्तूनं माझी लेक गेली का, येवढं कळू द्या."

अशा वेळी पोलीस अधिकारी ठरलेलं वाक्य बोलतो, तेच मीही बोललो: "बघतो, तुम्ही काळजी करू नका." ते गेल्यावर मात्र मला खुर्चीत बसवेना. बत्तीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी माझ्याकडे चोर मागितले, खुनी मागितले, पळालेली बायको मागितली. कानात काय वाजत होतं ते कुणी मागितलं नव्हतं.

मी मोबाईलचा तपास मनावर घेतला. आमच्या पथकाने दोन सराईत चोरांना उचललं. त्यांनी आईच्या शपथा घेतल्या. चोरांच्या शपथेला मी किंमत देत नसे, पण या वेळी दोघेही खरंच गोंधळलेले दिसत होते. मोबाईलचं शेवटचं ठिकाण अपघाताच्या भागातलंच येत होतं. म्हणजे तिथेच कुठे तरी बंद पडला होता.

चौथ्या दिवशी त्या मुलीच्या हॉस्टेलसमोरचे पंक्चरवाले चाचा ठाण्यात आले. माझ्या खबऱ्यांपैकी हा एकच माणूस, जो खबर दिल्यावर काही मागत नसे. चहा मात्र दोन कप प्यायचा.

"साहेब, त्या पोट्ट्यांना खालीपिली ताणून राहिलात," चाचा म्हणाले. "त्या हॉस्टेलच्या पोरींजवळ दिवसा मोबाईल नसतोच. बाईच्या कपाटात जमा. संध्याकाळी जेवणानंतर तासभर भेटतो. दिवसा घरी फोन लावायचा झाला की माझा मागतात. हवा भरायचं निमित्त काढून येतात."

"तिनेही मागितला होता?"

"दर रविवारी. गिरणी चालू का बंद, आधी हेच विचारायची. आवाज कमी असला की विचारायची, आज दळण का नाही, अब्बाची तब्येत बरी हाय ना." चाचांनी कप खाली ठेवला. "अब्बा मी म्हणून राहिलो. ती आप्पा म्हणायची."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. महिला अंमलदाराला घेऊन मी हॉस्टेलवर गेलो. चालवणाऱ्या बाईंचा चेहरा मला बघूनच उतरला. कपाटात नंबर घातलेल्या पिशव्या, प्रत्येकीत एक मोबाईल. रजिस्टरमध्ये त्या दिवशी सकाळची मुलीची सही होती, जमा केल्याची. परत नेल्याची सही नव्हती. वडील सामान न्यायला आले तेव्हा त्यांची अवस्था बघून देऊन टाकायचं राहिलं, बाई म्हणाल्या, आणि पेपरात तर आलं होतं की मोबाईल चोरीला गेला. मग भीती वाटली. मी त्यांना बोलू शकलो नाही. ती चोरी मीच तर घडवली होती.

ठाण्यात येऊन पंचनामा काढला. सही केली तेव्हा जे वाचायला हवं होतं ते आता वाचलं. आमचा हवालदार साधा माणूस, दिसेल ते लिहिणारा. माझ्या वाक्याच्या वरच त्याने लिहून ठेवलं होतं: काळ्या रंगाचे हेडफोन, वायरचे टोक गुंडाळून त्यास रबर बँड लावलेला. मोबाईलला जोडलेल्या वायरला कुणी गुंडाळून रबर लावत नाही. ते हेडफोन कशालाच जोडलेले नव्हते. त्या मुलीच्या कानांत काहीही वाजत नव्हतं.

मग ते कानांवर होते कशाला?

याचं उत्तर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडे होतं. ती धर्माबादची, व्यापारी घरातली, बारीक चणीची मुलगी. हॉस्टेलच्याच खोलीत महिला अंमलदाराने तिचा जबाब घेतला. मी दारापाशी खुर्ची टाकून बसलो होतो. मुलगी आधी रडली, मग भराभर बोलली.

दोन महिन्यांपासून दोन पोरं मोटारसायकलवरून त्यांच्या मागे यायची. बोलायची नाहीत, हात लावायची नाहीत. फक्त हॉर्न. मोटारसायकलला त्यांनी ट्रकचा हॉर्न बसवून घेतला होता. अगदी मागच्या चाकापाशी यायचं आणि तो दाबायचा. मुलगी दचकायची, वळून बघायची, पोरं हसून निघून जायची. एकदा ती दचकून पडली, गुडघा फुटला. त्यानंतर तिने वळणं बंद केलं. तर पोरांना राग आला. "लई भाव खाती," म्हणून पुढे गाडी आडवी घालायला लागली. तेव्हा तिने पिशवीतले हेडफोन काढले.

"कानाला काही असलं ना सर, की त्यांना वाटतं, हिला ऐकूच जात नाही," मैत्रीण म्हणाली. "मग राग येत नाही. दोनदा वाजवतात आणि कंटाळून जातात. ते लावून आम्ही बघितलं होतं, घरघर दबते पण हॉर्न ऐकू येतो. तिला सगळं ऐकू यायचं. ती फक्त दाखवत नव्हती."

"तक्रार का नाही केलीत?"

"घरी कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी गावाकडं नेलं असतं. पुस्तकं बी इथंच राहिली असती."

"आणि वळायचं नाही, हे तिचं तिनेच ठरवलं?"

मुलीने आधी महिला अंमलदाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर, तुम्हीच सांगितलं होतं. आमच्या क्लासला आला होता तेव्हा. आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. तुम्ही म्हणालात, मागून कुणी हॉर्न वाजवला, शिट्टी मारली, तरी वळून बघायचं नाही. वळलं की त्यांना जोर येतो. मान खाली घालायची आणि आपल्या वाटेनं जायचं. तिनं वहीत लिहून घेतलं होतं. ती सगळंच लिहून घ्यायची."

महिला अंमलदाराचं पेन थांबलं. हे लिहायचं का, असं ती डोळ्यांनीच विचारत होती.

"लिहा," मी म्हणालो.

खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला त्या भाषणातल्या टाळ्या आठवल्या. याच वाक्यावर पडल्या होत्या. माझी चाळीस मिनिटांची भाषणं व्हायची. त्यांत पोरांना काय सांगायचं, याची दोन मिनिटंही नसत.

पोरं दोन दिवसांत सापडली. औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर मिळाला. एक चांगल्या घरातला, दुसरा शिकणारा. एकाही पोराला चापट मारली नाही. मारावंसं वाटत होतं, पण ती चापट कुणाच्या वाटणीची, हे मलाच ठरवता येईना.

"सर, आम्ही हात बी लावला नाही. नुसता हॉर्न वाजवायचो. मजाक," एक जण म्हणाला.

"अपघाताच्या दिवशी कुठे होतात?"

"मॅच होती सर, मैदानावर. त्या दिवशी आम्ही तिकडं गेलोच नाही."

तपासून बघितलं. खरं होतं. ती पोरं त्या दिवशी तिथे नव्हतीच.

त्यांची गाडी ठाण्याच्या आवारात उभी होती. मी म्हणालो, "वाजव." त्याने बटण दाबलं. गेटवरचा पहारेकरी उडी मारून बाजूला झाला. पायरीवर तक्रार घेऊन बसलेली एक म्हातारी भिंतीला चिकटली. आतून तिघे धावत बाहेर आले आणि ट्रक कुठे आहे म्हणून रस्त्याकडे बघायला लागले. त्यांची ती धांदल बघून पोराला सवयीने हसू आलं. मग माझ्याकडे नजर गेली आणि ते गेलं.

शेवटी टेम्पो ड्रायव्हरला पुन्हा बोलावलं. तो जामिनावर होता, पण अपघातापासून त्याने गाडीला हात लावला नव्हता. वजन निम्मं झालं होतं.

"तू हॉर्न दिलास. मुलीने काय केलं?"

"वळली न्हाई, साहेब."

"ते झालं. त्याशिवाय काय केलं? नीट आठव."

त्याने स्वतःचीच मान खाली करून दाखवली. "मान खाली घातली, साहेब. आन् जोरात पायडल मारायला लागली. मला वाटलं, म्होरं जाऊन बाजूला होईल."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंच न्हाई."

"आणि ब्रेक का नाही मारलास?"

त्याने मान वर केली. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. "हॉर्न दिला होता ना, साहेब."

यात तो एकटा दोषी होता असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे हॉर्न वाजवला की आपलं काम संपलं, पुढचं समोरच्याने बघावं, अशीच सगळ्यांची गाडी चालते. माझी सरकारी जीपही तशीच चालायची. त्या मुलीने तो हॉर्न ऐकला होता. रोजचीच पोरं आली असं समजून तिने शिकवल्याप्रमाणे मान खाली घातली आणि आपल्या वाटेने जात राहिली. इतकी सरळ जात राहिली की टेम्पोला बाजूने निघायला जागा उरली नाही.

पुढे कोर्टात काय झालं ते इथेच सांगून टाकतो. ड्रायव्हरच्या वकिलाने पंचनाम्यातलं माझंच वाक्य मला वाचायला लावलं. मयताला हॉर्न ऐकू आला नाही. हे आपण लिहून घेतलं का? हो. ही आपली सही का? हो. नंतरचे जबाब मी कितीही सांगितले, तरी त्या वाक्याने त्यांचं पाणी केलं. ड्रायव्हर संशयाचा फायदा मिळून सुटला. पोरं त्याआधीच सुटली होती. मैत्रिणीच्या वडिलांनी तिला धर्माबादला नेलं आणि हात जोडले की माझ्या मुलीला साक्षीला ओढू नका. तिचा क्लास तिथेच संपला. पोरांवर उरला तो हॉर्नचा दंड. तो भरून ती मैदानावर परत गेली.

पण माझ्या मनात राहिली आहे ती कंधारची फेरी. दोषारोपपत्र पाठवण्याआधी मी एका सकाळी गणवेशातच तिकडे गेलो. वडिलांना दिलेला शब्द होता. चांगली बातमी द्यायला चाललोय असंच मला वाटत होतं. जीपमध्ये मी वाक्यं जुळवत होतो.

गिरणी चालू होती. ओट्यावर डब्यांची रांग. मला बघून वडिलांनी पट्टा उतरवला आणि आवाज हळूहळू खाली बसला. घराच्या उंबऱ्यात मुलीची आई सुपात ज्वारी निवडत होती. तिने पदर पुढे ओढला, पण उठली नाही.

"भाऊ, मोबाईल मिळाला," मी म्हणालो. "हॉस्टेलच्या कपाटातच होता. तिच्याजवळ नव्हता. हेडफोन कशालाच जोडलेले नव्हते. त्यात काही वाजत नव्हतं. तुम्ही घेऊन दिलेल्या वस्तूने काही झालेलं नाही."

ते तिथेच डब्यांशेजारी बसले. त्यांनी बायकोकडे बघितलं. आईचे हात सुपात थांबले होते. ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत होती. तेवढ्या वेळापुरतं मला वाटलं की या नोकरीत एखादं तरी चांगलं काम हातून झालं.

मग वडिलांनी विचारलं, "म्हंजी, तिला ऐकू येत होतं?"

"हो."

"समदं?"

"हो, भाऊ."

"मंग माझी लेक वळली का न्हाई?"

याची तयारी मी केलेली नव्हती. मी पोरांचं सांगितलं, ट्रकच्या हॉर्नचं सांगितलं, रोज संध्याकाळी काय व्हायचं ते सांगितलं. वडील ऐकत होते आणि त्यांचा हात पिठात रेघा ओढत होता. माझं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "आन् वळू नको म्हून तिला सांगितलं कुणी?"

मैत्रिणीचा जबाब माझ्या फाईलमध्ये होता. फाईल काखेत होती.

"म्या सांगितलं," आई म्हणाली.

सूप तिच्या मांडीवरून खाली सरकलं होतं. ज्वारी उंबऱ्यावर पसरली. "जाताना म्याच सांगितलं होतं. पोरीच्या जातीनं मागं वळून बघू नये. कुणी बी काय बी करू दे, तू आपल्या वाटंनं जा. म्याच म्हनलं होतं. तुमी न्हाई मारलं तिला. म्या मारलं."

ती रडली नाही. तेच वाक्य ती पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी जरा हळू, बोलत राहिली. वडील उठून तिच्याजवळ गेले आणि काय करावं ते न कळून ज्वारी गोळा करायला लागले.

मला फक्त तोंड उघडायचं होतं. ताई, तुम्ही सांगितलं असेल, पण तिने वहीत लिहून घेतलं ते माझं. एवढंच म्हणायचं होतं. गणवेशातल्या माणसाने माईकवरून सांगितलं म्हणून ते तिला खरं वाटलं. मी फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. शेजारच्या बाईने चहा आणून दिला. तो मी प्यालो, आणि "येतो" म्हणून निघालो. एकाच्या डोक्यावरचं ओझं मी दुसरीच्या डोक्यावर ठेवून आलो, आणि माझं माझ्याजवळ कुणाला न दाखवता आणलं.

अशा लेखांच्या शेवटी केसने काय शिकवलं ते सांगायचं असतं. मुलींच्या आयांनी वळू नको म्हणून सांगितलं तर मी समजू शकतो, त्यांच्या हातात दुसरं काही नसतं. माझ्या हातात ठाणं होतं, गाडी होती, पन्नास माणसं होती. तरी मी मुलींना तेच सांगितलं जे त्यांची आई सांगते, वर शाल घेतली. मागून येणारं धोक्याचं वाहन आहे की मवाली, हे न बघता ओळखायचं ओझं आम्ही सतरा वर्षांच्या पोरीवर टाकलं आणि चुकली तेव्हा पंचनाम्यात हेडफोन लिहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी एक काळी वायर होती, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. त्या घटनेनंतर मी भाषणं बंद केली. त्याने कुणाचं काही भलं झालं नाही. माझ्या जागी दुसरा अधिकारी आला आणि तोही तेच सांगतो.

आता मी नांदेडला असतो. बसस्टँडवरून कंधारची गाडी दर थोड्या वेळाने सुटते. दोनदा चढलो. एकदा सुटायच्या आधी उतरलो. एकदा गावापर्यंत गेलो, गिरणीचा आवाज फाट्यापर्यंत येत होता, आणि परतीच्या गाडीत बसलो.

म्हणून हे लिहिलं. मुलीच्या आईला वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. माहीत असूनच लिहायचं धाडस झालं, हेही खरं. हेडफोनची बातमी तेव्हा गिरणीवर दळण घेऊन आलेल्या कुणी तरी वाचून दाखवली होती. हे कुणी वाचून दाखवील का, मला सांगता येत नाही.